कारकुनाची बंदूक

आपल्या पुराणांतील शस्त्रांची एक गंमत आहे. तीं सारीं वीरांचीं आहेत. गांडीव अर्जुनाचें, गदा भीमाची, परशु भार्गवाचा. धनी जेवढा मोठा तेवढें शस्त्र भारी, आणि तें दुसऱ्या कोणाला उचलतां येऊं नये यांतच त्याचा मान. शिवधनुष्याची सारी कथा तर उचलण्यावरच उभी आहे. पण अठरा अक्षौहिणी सैन्यांत वीर असून असून किती असणार? बाकीचे सारे रथ हांकणारे, बाणांचे भाते वाहणारे, भेरी बडविणारे, शंख फुंकणारे, घोड्यांना चंदी घालणारे आणि एवढ्या लोकांसाठीं रोज चुली पेटविणारे. त्यांच्या हातीं काय होतें हें व्यासांनीं फारसें सांगितलेलें नाहीं. मात्र भीष्मपर्वाच्या आरंभीं दोन्ही पक्षांनीं युद्धाचे जे नियम ठरविले त्यांत या मंडळींची आठवण निघाली आहे. सारथी, ओझ्याचीं जनावरें, शस्त्रें पुरविणारे आणि भेरी-शंख वाजविणारे यांच्यावर कोणीं प्रहार करूं नये, असें तेथें स्पष्ट आहे. पुढें ते नियम किती पाळले गेले तें सर्वांना ठाऊक आहे. पण नियम होता, आणि त्याच्या मुळाशीं एक साधी समजूत होती कीं, जो लढण्यासाठीं आलेला नाहीं त्याला मारूं नये. आणि म्हणून त्यानेंहि शस्त्र धरण्याचें कारण नाहीं.

मला ज्या बंदुकीविषयीं लिहावयाचें आहे ती नेमकी या सारथ्यांसाठीं आणि भेरीवाल्यांसाठीं घडविलेली आहे. अमेरिकन सैन्यानें ती १९४१ सालीं स्वीकारली आणि तिचें नांव ठेवलें 'एम-वन कार्बाईन'. इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत जवळजवळ तीस वर्षें घालविलेल्या माणसानें बंदुकीवर लेख लिहावा हें कांहीं वाचकांस चमत्कारिक वाटेल. माझा जन्म शस्त्रें बाळगणाऱ्या घरांतला नाहीं. आमच्या घरीं सर्वांत घातक वस्तु म्हणजे विळी. पण जगांत इतक्या बंदुका झाल्या, त्यांत माझ्यासारख्या माणसाचें माप घेऊन बेतलेली अशी हीच एक माझ्या पाहण्यांत आली, आणि आपल्या मापाच्या वस्तूकडे माणसाचें लक्ष जाणारच.

कार्बाईन हा शब्द आपल्याला अगदींच परका नाहीं. जुन्या मराठींत आंखूड बंदुकीला 'कडाबीन' म्हणत. फिरंगी शस्त्रांबरोबर शब्दहि आला आणि आपल्या जिभेवर बसतांना थोडा जाडाभरडा झाला. युरोपांत ती मुळांत घोडेस्वाराची बंदूक. घोड्यावर बसून पुरुषभर लांबीची नळी सांवरतां येत नाहीं म्हणून आंखूड केलेली. आपल्या वर्तमानपत्रांत पोलिसांच्या किंवा जवानांच्या हातीं 'कार्बाईन' होती असें येतें, तेव्हां ती बहुधा नऊ मिलिमीटरची, पिस्तुलाचेंच काडतूस भराभर उडविणारी गन असते. तिची जात निराळी. एम-वन ही पिस्तुलाच्या कुळांतलीहि नव्हे आणि पुरती रायफलहि नव्हे. तिच्यासाठीं मधल्या मापाचें नवें काडतूस करावें लागलें.

पायदळ म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें बंदूक खांद्यावर टाकून चालणारा शिपाई उभा राहतो. प्रत्यक्षांत त्या शिपायाच्या मागें फार मोठा संसार चालत असतो. दारूगोळ्याच्या पेट्या वाहणारे, मशीनगनचे पाय खांद्यावर घेऊन धांवणारे, टेलिफोनच्या तारा अंथरणारे, मोटारी हांकणारे, स्वयंपाकी, कारकून, आणि नकाशा व दुर्बीण गळ्यांत अडकविलेले अधिकारी. यांचे दोन्ही हात दुसऱ्याच कामांत गुंतलेले. त्यांना साडेनऊ पौंडांची गॅरंड रायफल द्यावी तर ती पाठीवर आदळत राहणार आणि पहिल्या संधीस मोटारींत विसरली जाणार. पिस्तूल द्यावें तर तें कमरेला नीट बसतें खरें, पण त्यानें पंचवीस पावलांपलीकडचा माणूस टिपणें हें वर्षानुवर्षांच्या सरावाचें काम. सिनेमांत तें सोपें दिसतें एवढेंच. १९३८ सालीं पायदळाच्या बाजूनें या लोकांसाठीं हलक्या बंदुकीची मागणी झाली, आणि शांततेच्या काळांतील बहुतेक मागण्यांप्रमाणें ती कांहीं काळ कागदांतच राहिली. पुढें १९४० चा मे महिना उजाडला. जर्मन रणगाडे फ्रान्सची फळी फोडून आंत शिरले. हॉलंड-बेल्जममध्यें छत्रीधारी सैनिक पुलांवर आणि किल्ल्यांवर आभाळांतून उतरले. 'आघाडी' आणि 'पिछाडी' या दोन शब्दांमधली रेषाच त्या महिन्यांत पुसट झाली. ज्याच्या टेबलावर सैन्याच्या पगाराचीं बिलें आहेत त्याच्याहि अंगणांत शत्रु उतरूं शकतो हें दिसल्यावर हलक्या बंदुकीचा कागद हलला.

मागणींतील अटी वाचण्यासारख्या आहेत. वजन पांच पौंडांच्या आसपास असावें, तीनशें यार्डांपर्यंत उपयोग व्हावा, पट्ट्यानें अंगावर अडकवितां यावी. मला यांतील पहिली अट सर्वांत बोलकी वाटते. ती लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढें शत्रु नव्हता, आपलाच दमलेला माणूस होता. काडतूस विंचेस्टर कंपनीनें आपल्या एका जुन्या शिकारी काडतुसावरून बेतलें. गोळी ११० ग्रेनची, म्हणजे सात ग्रॅमांच्या आसपास. नळींतून निघतांना तिचा वेग सेकंदाला सुमारें ६०० मीटर. तिचा जोर गॅरंडच्या गोळीच्या साधारण एक-तृतीयांश, पण सैन्यांतील पिस्तुलाच्या गोळीच्या दुपटीहून अधिक. बंदूक तयार झाली ती सुमारें ९० सेंटिमीटर लांब आणि २.४ किलो वजनाची. पंधरा काडतुसांची पेटी खालून बसे, आणि चाप ओढावा तशी एकेक गोळी सुटे.

हे आंकडे कोरडे वाटतील. मला ते खांद्यांत कळतात. कॉलेजच्या पहिल्या वर्षीं मी एन. सी. सी. मध्यें होतों. कवायतीसाठीं आमच्या हातीं जुनी ३०३ रायफल असे. ती चार किलोंच्या आसपास भरे, आणि उन्हांत 'बाजू शस्त्र', 'सलामी शस्त्र' करतां करतां दुसऱ्या तासाला ती आठ किलोंची होई. बूट धरून माझी उंची पांच फूट चार इंच. संगीन लावलेली रायफल शेजारीं उभी केली कीं आम्हां दोघांत सैनिक कोण, असा प्रश्न पाहणाऱ्यास पडावा. चांदमारीच्या दिवशीं तिच्या दस्त्यानें माझ्या खांद्याच्या हाडावर जी निळी मोहोर उठविली ती आठवडाभर राहिली. आईनें हळद लावतांना विचारलें, "हें शिकून तुला कोठें जायचें आहे?" त्याचें उत्तर माझ्यापाशीं नव्हतें.

कार्बाईनच्या जन्माची एक कथा अमेरिकेंत प्रसिद्ध आहे. डेव्हिड मार्शल विल्यम्स हा नॉर्थ कॅरोलायनांतील तरुण चोरून दारू गाळीत असे. १९२१ सालीं त्याच्या भट्टीवर छापा पडला, गोळीबार झाला आणि एक पोलीस अधिकारी मारला गेला. विल्यम्सला तीस वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगाच्या कारखान्यांत त्यानें बंदुकांवर प्रयोग केले, १९२९ सालीं तो सुटला, आणि पुढें विंचेस्टरमध्यें नोकरीस लागला. बार उडाल्यावर नळींतील थोडासा वायु एका छोट्या ठोकळ्यावर सोडावयाचा. त्या ठोकळ्यानें अगदीं कांहीं मिलिमीटर सरकून मागच्या दांड्याला एक टोला द्यावयाचा आणि थांबावयाचें. रिकामें काडतूस फेंकून नवें भरण्याचें पुढचें काम दांड्यानें मिळालेल्या वेगानें करावयाचें. ही युक्ति त्याची. तिच्यामुळें लांब दट्ट्या गेला, आणि दट्ट्याबरोबर वजन गेलें. १९५२ सालीं विल्यम्सवर चित्रपट निघाला, जेम्स स्टुअर्टनें त्याची भूमिका केली, आणि कार्बाईन म्हणजे एका कैद्याच्या एकट्याच्या डोक्यांतून निघालेली वस्तु, असा लोकांचा समज पक्का झाला. वस्तुस्थिति निराळी आहे. युक्ति त्याची खरी. पण बंदूक जुळविली ती विंचेस्टरच्या कारागिरांच्या एका जथ्यानें, आणि तीहि विल्यम्सशीं कुरबुरी करीत. ज्या रायफलवरून ती बेतली गेली तिचा आराखडा एड ब्राऊनिंग या दुसऱ्याच गृहस्थाचा. तो बिचारा १९३९ सालींच वारला होता. पहिला नमुना तेरा दिवसांत उभा राहिला असें सांगतात. रोमर आणि ह्यूमेस्टन हीं नांवें मात्र आतां जाणकारांखेरीज कोणी घेत नाहीं. वाङ्मयाच्या अध्यापकाला हा प्रकार ओळखीचा आहे. पुष्कळांच्या ओव्या एकाच्या नांवावर जमा होतात. आणि ज्याच्या चरित्रांत तुरुंग आहे त्याच्या नांवावर जरा लवकर जमा होतात.

पर्ल हार्बरवर बाँब पडले तेव्हां अमेरिकन सैन्यानें ही बंदूक स्वीकारून जेमतेम दीड महिना झाला होता. आतां ती लाखांनीं हवी होती, आणि केवळ बंदुका करणाऱ्या कारखान्यांच्या आवांक्यांतलें हें काम नव्हतें. म्हणून तें गेलें भलत्यांकडेच. जनरल मोटर्सचे मोटारींचे सुटे भाग करणारे दोन कारखाने, हिशेबाचीं यंत्रें करणारी आय. बी. एम., टपालाचे शिक्के मारणारीं यंत्रें करणारी एक कंपनी, हॉटेलांत नाणें टाकलें कीं गाणें लावणाऱ्या पेट्या बनविणारी शिकागोची रॉक-ओला, आणि टाइपरायटरवाली अंडरवुड. एकानें केलेला भाग दुसऱ्यानें केलेल्या बंदुकींत बिनबोभाट बसला पाहिजे, अशी शिस्त होती. १९४२ च्या उन्हाळ्यापासून १९४५ च्या ऑगस्टपर्यंत या मंडळींनीं मिळून साठ लाखांहून अधिक कार्बाईनी केल्या. त्या युद्धांत अमेरिकेनें एवढ्या संख्येनें दुसरी कोणतीहि बंदूक केली नाहीं. वीराच्या गॅरंडहूनहि कारकुनाच्या बंदुकीची संख्या पुढें गेली.

अंडरवुडचें नांव मला थोडें लागलें. आमच्या घरीं आजोबांच्या वेळचा एक अंडरवुड टाइपरायटर होता. आजोबा एका वकिलांकडे कारकून होते. त्या यंत्रावर त्यांनीं अर्ज, कैफियती आणि कित्येकांचीं मृत्युपत्रें उतरविलीं. निवृत्तीच्या वेळीं वकिलांनीं तें यंत्र त्यांना देऊन टाकलें, आणि आम्हां मुलांना त्याला हात लावण्याची बंदी झाली. कार्बाईनच्या नळीच्या एका छायाचित्रांत मला तींच अक्षरें कोरलेलीं दिसलीं. मग विचार करतां वाटलें कीं, यांत नवल तरी काय? टाइपरायटरची दांडी उठते, एक नेमका टोला मारते आणि जागेवर परत येते. दिवसांतून हजारों वेळां, न अडखळतां. असल्या दांड्या करणारे हात, टोला देऊन थांबणारा ठोकळा करूं शकले नसते तरच आश्चर्य होतें.

या बंदुकींत कांहीं गोष्टी अशा आहेत कीं त्या पाहून गृहिणीलाहि संतोष व्हावा. खांद्याचा पट्टा अडकविण्यासाठीं दस्त्याला एक आरपार खांच ठेवलेली आहे. पट्ट्याचा फांसा तींत घालावयाचा आणि तो निसटूं नये म्हणून आडवी खुंटी लावावयाची. ती खुंटी म्हणजेच बंदुकीला घालावयाच्या तेलाची छोटी नळी. तेल ठेवावयास निराळी जागा नको आणि पट्ट्याला निराळी कडी नको. पण अशी काटकसर करणाऱ्या शहाण्या माणसांनींच दुसऱ्या एका ठिकाणीं डुलकी घेतली. चापाच्या पुढें त्यांनीं दोन बटणें शेजारीं शेजारीं ठेवलीं. एक दाबलें कीं बंदुकीचें कुलूप उघडावें. दुसरें दाबलें कीं काडतुसांची पेटी सुटून यावी. कारखान्याच्या टेबलाशीं हें ठीक होतें. अंधारांत, भ्यालेल्या माणसाचें बोट चुकीच्या बटणावर पडे आणि ऐन वेळीं सारीं काडतुसें पायाशीं गळून पडत. पुढें कुलुपाचें बटण काढून तेथें फिरणारी खिटी बसविण्यांत आली. भीतींत माणसाच्या बोटांना किती अक्कल उरते याचा अंदाज घरीं बसून करतां येत नाहीं, हें या एका खिटीवरून दिसतें.

युद्ध जसें लांबलें तशी बंदुकीची मूळ समजूतहि बदलत गेली. १९४२ सालींच छत्रीधारी सैनिकांसाठीं घडीच्या दस्त्याची कार्बाईन निघाली. मग आघाडीवरील अधिकाऱ्यांना आणि शिपायांनाहि ती आवडूं लागली, कारण वजन सर्वांनाच होतें. ऑडी मर्फी हा अमेरिकेचा गाजलेला योद्धा मूळचा इतका किरकोळ कीं, नौसैनिकांनीं आणि छत्रीदलानें त्याला अंगकाठीमुळें परत पाठविला होता. त्याचें आवडतें शस्त्र कार्बाईनच. मग मागण्या सुरू झाल्या. नेमाचें साधें भोंक नको, अंतराप्रमाणें सरकणारें हवें. संगीन हवी. युद्ध संपतां संपतां चाप दाबून धरला कीं अखंड गोळ्या सुटणारी 'एम-टू' निघाली आणि तिला तीस काडतुसांची पेटी मिळाली. स्वयंपाक्यासाठीं केलेल्या बंदुकीला संगीन! यांतली विसंगति त्या वेळीं कोणाला जाणवली नसावी.

ती जाणवली कोरियांत. १९५० च्या हिंवाळ्यांत चोसिन सरोवराच्या भोंवतालीं थंडी अशी पडली कीं बंदुकांतलें तेल घट्ट झालें, आणि कार्बाईन अडून बसूं लागली. शिपाई सांगत कीं, चिनी सैनिकांच्या कापूस भरलेल्या कोटांतून हिची गोळी जातच नाहीं. मारलेला माणूस चालत येतो. ज्या गोळींत पिस्तुलाच्या दुप्पट जोर आहे ती कापसांत अडकावी हें हिशेबाला पटत नाहीं. भराभर झाडलेल्या, थरथरत्या हातांनीं सोडलेल्या गोळ्या माणसाला लागतच नसाव्यात, हें मला अधिक संभवनीय वाटतें. पण बंदुकीचें नांव गेलें तें गेलें. तिची तुलना तोंपर्यंत पिस्तुलाशीं होत होती. आतां ती गॅरंडशीं होऊं लागली, आणि त्या तुलनेंत ती हरणारच होती. तीनशें यार्डांच्या वचनावर जन्मलेल्या बंदुकीनें तें वचन पुरतें पाळलें होतें. तिच्याकडून दुसरेंच कांहीं मागण्यांत आलें, आणि तें न दिल्याबद्दल ती निकामी ठरली. परीक्षकाच्या खुर्चींत बसणाऱ्या आम्हां लोकांनींहि हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. पण तो विषय निराळा.

निकामी ठरलेलीं शस्त्रें नाहींशीं होत नाहींत, तीं खालच्या पायरीवर उतरतात. कार्बाईनी व्हिएतनामला गेल्या, लाखांनीं. तेथील लोकांच्या अंगलटीला त्या बरोबर बसत; गांवराखणीच्या दलांना त्या मिळाल्या, आणि पकडलेल्या कार्बाईनी घेऊन उलट बाजूचे लोकहि लढले. अमेरिकेंत १९६३ सालीं उरलेल्या कार्बाईनी नेमबाजीच्या हौशी नागरिकांना वीस डॉलरांना विकल्या गेल्या. तेथून पुढचें पाऊल घराचें. १९६४ सालीं 'एबनी' मासिकांत माल्कम एक्स यांचें एक छायाचित्र प्रसिद्ध झालें. कृष्णवर्णीयांचा हा पुढारी गळ्यांत टाय बांधून आपल्या घराच्या खिडकीशीं उभा आहे, एका हातानें पडदा किंचित् सारून रस्ता पाहतो आहे आणि दुसऱ्या हातांत एम-वन कार्बाईन आहे. बायकामुलांना मारण्याच्या धमक्या येत होत्या. पुढल्या फेब्रुवारींत त्यांच्या घरावर रात्रीं पेटते बाँब फेंकले गेले, आणि त्याच महिन्यांत भरसभेंत व्यासपीठावर त्यांचा खून झाला. कार्बाईन कोठें उपयोगीं पडली नाहीं. सारथ्यावरून स्वयंपाक्यावर, स्वयंपाक्यावरून गांवकऱ्यावर, आणि गांवकऱ्यावरून घरांत उभ्या असलेल्या बापावर असा हा क्रम आहे. यांत प्रत्येकाच्या हातीं बंदूक देणाऱ्याचा हेतु रक्षणाचाच होता. परंतु ज्याच्या हातीं ती येते तो 'न मारण्याच्या' यादींतून कायमचा बाहेर पडतो, आणि त्याच्याबरोबर त्याच्या शेजारचा, हातांत कांहींच नसलेला माणूसहि बाहेर पडतो. कारण दुरून दोघे सारखेच दिसतात. बंदूक जितकी हलकी तितकी ही यादी आंखूड. मला कार्बाईनचें कौतुक वाटतें, तिच्या कर्त्यांनीं थकलेल्या माणसाचा विचार केला याबद्दल आदरहि वाटतो; आणि तरीहि तिच्या साठ लाख या संख्येकडे पाहून माझें मन कचरतें.

माझे एक मामा लष्करांत कारकून होते. १९६५ सालीं त्यांची नेमणूक जालंदरच्या बाजूला, रसदीच्या एका डेपोवर होती. ६ सप्टेंबरच्या रात्रीं पाकिस्ताननें पठाणकोट, आदमपूर आणि हलवारा या विमानतळांजवळ छत्रीधारी सैनिक उतरविले. त्यांपैकीं शंभराहून अधिक पुढें पकडले गेले, पुष्कळसे लाठ्या घेतलेल्या गांवकऱ्यांच्या हातून. पण त्या रात्रीं हें कोणाला ठाऊक नव्हतें. डेपोंत बातमी येतांच कारकुनांनाहि बंदुका वांटल्या गेल्या. मामांच्या वाट्याला ३०३ आली. तंबूंत टेबल, टाइपरायटर, कागदांच्या दोन पेट्या आणि मामा. ती लांब बंदूक कोणत्याहि कोनांत उभी राहीना, तेव्हां त्यांनीं ती टाइपरायटरवर आडवी ठेवली, नळी दाराकडे केली, दिवा मालवला आणि ते बसून राहिले.

"भीति कोणाची वाटत होती?" असें मीं एकदां त्यांना विचारलें. त्यांना सत्तरी उलटून गेली होती. ते म्हणाले, "पाकिस्तानी आला असता तर त्यानें मला मारलें असतें, त्याची फारशी भीति नव्हती रे. येणारा आपलाच निघेल, याची होती."

पहांटे चारच्या सुमारास तंबूचा पडदा हलला. मामांचें बोट चापावर होतें. बाहेरून आवाज आला, "बाबूजी, चाय." लंगरचा स्वयंपाकी होता, तोहि रात्रभर झोंपला नव्हता, आणि कांहीं तरी करावें म्हणून त्यानें चूल पेटविली होती. त्याच्याहि खांद्यावर एक ३०३ होती, आणि दोन्ही हातांत पेले असल्यामुळें ती कोंपरापर्यंत घसरून आली होती. मामांनीं बंदूक उचलून जमिनीवर ठेवली, चहा घेतला आणि दिवा लावला. मग टाइपरायटरवरची धूळ पुसून त्यांनीं कागद चढविला; त्या दिवशींची पहिली यादी आटा, डाळ आणि साखरेची होती.